ना-नफा वृत्तसंस्थेचे टी-शर्ट, मग, पिशव्या सांभाळताना: स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकवर्गणीवर चालणाऱ्या वृत्तसंस्थांच्या मालाचं काम हाती घेणारे स्वयंसेवक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. करांचे दर सप्टेंबर २०२५ च्या बदलांनंतरचे आहेत. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने क्रमांक बदलतात, ते सीएकडून जुळवून घ्या.

१. बातम्या देणारी ना-नफा संस्था टी-शर्ट कशाला विकते? हा धंदा नाही का?

धंदाच आहे, पण छोटा आणि मुख्य कामाला जोडलेला. अशा संस्था सहसा सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असतात. मुंबईचा काउंटरमीडिया ट्रस्ट चालवतो ते ग्रामीण भारतावरचं ‘पारी’ हे संकेतस्थळ न्यासाचं उदाहरण. कायदा विक्रीला मनाई करत नाही, मर्यादा घालतो. ‘सार्वजनिक उपयोगिते’च्या उद्दिष्टाखाली नोंदलेल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर करसवलत धोक्यात येते. शिवाय या विक्रीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी हिशेबनीसाला विचारा: मालाचं खातं वेगळं आहे का? नसेल, तर आधी ते उघडायला लावा.

आणि अपेक्षा बेताच्या ठेवा. शंभर टी-शर्ट विकून एका वार्ताहराचा महिन्याचा प्रवासखर्च सुटला तरी खूप झालं. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संस्थेचं नाव अनोळखी लोकांच्या अंगावर गावभर फिरतं. खाली बऱ्याच ठिकाणी ‘हे करू नका’ असं लिहिलंय, ते त्यामुळेच.

२. माझं काम नेमकं काय? आठवड्याला किती वेळ जातो?

महिन्याला तीस-चाळीस ऑर्डर असतील तर आठवड्याला चार ते सहा तास. त्यात ऑर्डरी उतरवून घेणं, पॅकिंग, पोस्टात जाणं, उत्तरं देणं आणि महिन्यातून एकदा माल मोजणं आलं. नवा माल छापायचा असतो त्या महिन्यात हा वेळ दुप्पट धरा.

निदान दोन माणसं हवीत. पैसे बघणारा वेगळा आणि माल बघणारा वेगळा. एकाच माणसाकडे दोन्ही असलं की चूक झाली तरी कळत नाही, आणि झाली नसली तरी संशय येतो.

३. विक्रीवर कमिशन किंवा मानधन मिळतं का?

खर्च बिलावर परत मिळतो: रिक्षा, टेप, खोके, पोस्ट. कमिशन मागू नका आणि दिलं तरी घेऊ नका. कमिशन घेतलं की तुम्ही स्वयंसेवक राहत नाही, संस्थेचे पुरवठादार होता, आणि त्याचे कर-करार वेगळे. भावाचा छापखाना असेल तर तसं लेखी कळवा, तीन ठिकाणची दरपत्रकं मागवा आणि निवडीच्या वेळी बाजूला बसा. विश्वस्ताच्या नातेवाइकाचा छापखाना असेल तर प्रकरण आणखी नाजूक होतं. जवळच्यांना वाजवीपेक्षा जास्त फायदा झाला तर संस्थेची करसवलतच अडचणीत येऊ शकते.

४. पहिल्यांदा काय छापावं?

कापडी पिशवी. तिला सायझ नसते, ती फुटत नाही, पोस्टाचा खर्च कमी आणि भाजीबाजारात रोज दिसते. अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओची पिशवी तिथे वर्गणीदाराची ओळखच बनून गेली, ते उगाच नाही. पिशवीचं कापड हातात धरून उजेडासमोर पाहा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसत असतील तर ती दोन किलो कांद्यातच बंदाशी उसवेल. बंद जिथे शिवलाय तिथे चौकोनात फुलीची शिलाई हवी.

दुसऱ्या फेरीला टी-शर्ट, तिसऱ्या फेरीला मग. टोप्या, पेन, किचेन नकोत. ते लोक फुकट घेतात, विकत घेत नाहीत. महाराष्ट्रात एक चांगला पर्याय पडून असतो: सोलापूरचा टॉवेल किंवा नॅपकिन, कोपऱ्यात छोटं भरतकाम करून. ‘खादी’ हा शब्द मात्र जपून वापरा. खादी आयोगाच्या खादी मार्कशिवाय कुठल्याही कापडाला खादी म्हणून विकता येत नाही; हातमागाचं असेल तर हातमागाचं म्हणा.

५. टी-शर्टचं कापड कसं निवडायचं?

शंभर टक्के सुती, सिंगल जर्सी (एकेरी विणीचं), १८० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), बायोवॉश केलेलं, म्हणजे एन्झाइमने धुऊन लव काढलेलं. १५० च्या खालचं अंगावर पारदर्शक दिसतं आणि तिसऱ्या धुण्यात वाकडं होतं. २२० चं छान पडतं, पण कोकणात किंवा विदर्भात एप्रिलमध्ये ते कोणी घालत नाही. बहुतेक कोरा माल तिरुपूरहून येतो, पुण्या-मुंबईचे व्यापारी तोच विकतात. एकदम तीनशे नगांच्या वर घेणार असाल तरच थेट तिरुपूरशी बोलण्यात अर्थ आहे.

नमुना आला की छातीची रुंदी आणि उंची मोजून लिहून ठेवा, पाच वेळा मशीनमध्ये धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. तीन ते पाच टक्के आक्रसणं चालतं. त्याहून जास्त असेल तर ‘एल’ घेणाऱ्याला ‘एम’ मिळाल्यासारखं होतं आणि सगळा माल बदलीत परत येतो. शिवणी पाहा: पाचव्या धुण्यानंतर बाजूची शिवण पोटावर फिरून आली असेल तर कापड तिरकं विणलेलं आहे. तो व्यापारी सोडा.

६. स्क्रीन प्रिंट, डीटीएफ, सब्लिमेशन: काय घेऊ?

पन्नासपेक्षा जास्त नग आणि एक-दोन रंग असतील तर स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन आणि तिचे वेगळे पैसे, म्हणून दहा नगांना ते परवडत नाही. दहा-वीस नग किंवा चित्रात खूप रंग असतील तर डीटीएफ: फिल्मवर छापून हीट प्रेसने चिकटवतात. दिसतं झकास, पण मोठा भरीव चौकोन छापला तर छातीवर प्लास्टिकची पाटी बांधल्यासारखं गरम होतं. अक्षरं आणि रेषांचं चित्र असेल तर ठीक. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून रंग बसवणं, फक्त पॉलिस्टर कापडावर आणि लेप दिलेल्या मगवर बसतं. सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

स्क्रीन प्रिंटमधला नेहमीचा घोळ म्हणजे शाई कच्ची राहणं. प्लास्टिसोल शाईचा थर साधारण १६० अंश सेल्सिअसला पूर्ण तापावा लागतो. घाईत प्रेसखालून लवकर काढला की वरून कोरडा, आतून कच्चा. ओळखायची रीत सोपी: दोन्ही अंगठे छपाईच्या दोन बाजूंना ठेवून कापड ताणा. शाईला भेगा पडल्या तर कच्ची. गठ्ठ्यातल्या वरच्या नगावर नको, मधून कुठलेही पाच काढून ताणा.

मगची परीक्षा घरच्या मोरीत होते. हिरव्या घासणीने आणि भांड्यांच्या साबणाने वीस वेळा घासा. तारेच्या घासणीनेही एकदा, कारण गिऱ्हाइकाच्या घरी तीच असते.

७. छापून आलं तेव्हा मराठी अक्षरं तुटलेली होती. असं का होतं?

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तुमची फाइल युनिकोडमध्ये, आणि छापखान्याच्या संगणकावर कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, जिला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. मग ऑपरेटर मजकूर स्वतःच्या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतो, आणि वेलांट्या, रफार, अर्ध्या अक्षरांची वाट लागते.

सर्वात आधी बळी जातो तो ‘ऱ्य’. ‘दऱ्या’ पाठवल्या आणि छापून ‘दर्या’ आला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. ऑपरेटरला दोन्ही सारखेच दिसतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दुसरा बळी ‘ल’ आणि ‘श’. हिंदी वळणाच्या फाँटमध्ये ते वेगळे दिसतात, आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकतं.

उपाय असा. मोकळ्या परवान्याचा फाँट घ्या. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले फाँट त्यातले. मजकूर बसला की सगळी अक्षरं ‘कर्व्ह’मध्ये बदला, म्हणजे ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतात. मग पीडीएफ काढा आणि ती ईमेलने पाठवा. व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊन कडा फाटतात. शिरोरेषा आणि अनुस्वार फार बारीक ठेवू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या खालची रेष स्क्रीनमध्ये बुजते, आणि अनुस्वार गळला की ‘नंदी’ची ‘नदी’ होते.

आणि कापडावरचा एक प्रत्यक्ष नमुना हातात आल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नका. फोनवरचा निळा आणि कापडावरचा निळा कधीच एक नसतो.

८. किती नग आणि कुठल्या सायझचे काढायचे?

आधी नोंदणी घ्या, मग छापा. दोन आठवडे आगाऊ ऑर्डर घेतल्या की अंदाज येतो; आलेल्या ऑर्डरींच्या वर फक्त वीस टक्के जास्त छापा. अंदाज घेता येत नसेल तर शंभरात आम्ही सुचवतो ते असं: एस १५, एम ३०, एल ३०, एक्सएल १७, डबल एक्सएल ८. तरुण कार्यकर्त्यांचा गोतावळा असेल तर एस वाढवा, वर्गणीदार पन्नाशीपुढचे असतील तर एक्सएल.

सायझ अक्षरात लिहून भागत नाही, छातीची इंचात लिहा. भारतात एम म्हणजे ४० आणि एल म्हणजे ४२ असं बहुतेक व्यापारी धरतात, पण सगळे नाही. स्वतः मोजा (प्रश्न ५). बायकांसाठी वेगळी, कमरेत घेतलेली फिट पहिल्या फेरीत काढू नका. सायझचे प्रकार दुप्पट होतात आणि उरलेला माल तिप्पट.

९. किंमत कशी ठरवायची?

उदाहरण धरू या. कोरा टी-शर्ट १९० रुपये, छपाई ४५, लेबल-पाकीट-स्टिकर १५, म्हणजे २५०. वाया जाणारे पाच टक्के धरून २६२. विक्रीची किंमत घरपोच ४९९. त्यातून जीएसटी साधारण २४, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) १२, पोस्ट ७० गेले. उरले १३१.

शंभर विकले तर १३,१०० रुपये. पण पंधरा पडून राहिले तर? ८५ नगांचे ११,१३५ मिळाले आणि पंधरांचे ३,९३० अडकले, हाती ७,२०५. मालातला नफा किमतीने जात नाही, कपाटातल्या गठ्ठ्याने जातो. किंमत पन्नास रुपयांनी वाढवायची की नाही यावर तासभर वाद घालण्याऐवजी वीस नग कमी छापा.

१०. गेटवे बंद आहे. तोवर माझ्या यूपीआयवर पैसे घेऊ का?

नाही. एक रुपयाही नाही, एका दिवसासाठीही नाही. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड छापून ठेवा. तो चालत नसेल तर ऑर्डर लिहून घ्या आणि पैसे नंतर मागा. स्टॉलवर रोकड आलीच तर त्याच दिवशी मोजून, दोघांच्या सहीने, पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत.

११. टी-शर्ट घेणाऱ्याला ८०जी ची (देणगीवर करसवलत मिळवून देणारी) पावती देता येते का?

टी-शर्टच्या किमतीवर नाही. किंमत देऊन वस्तू घेतली ती खरेदी, तिला बिल. कोणी ४९९ चा टी-शर्ट घेतला आणि वर दोन हजार देणगी दिली, तर दोन वेगळे व्यवहार करा: ४९९ चं बिल आणि २,००० ची देणगी पावती. एकाच रकमेत कालवलेलं असेल तर हिशेबनीस वैतागतो आणि देणगीदाराचं नाव वर्षअखेरीच्या फॉर्म १०बीडी मध्ये, म्हणजे देणग्यांच्या विवरणपत्रात, चुकीच्या आकड्याने जातं. तो फॉर्म ३१ मे पर्यंत भरायचा असतो, तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात हे निस्तरायला कोणाला वेळ नसतो. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर तिच्यावर ८०जी ची सवलत मिळत नाही, हेही स्टॉलवर सांगा.

१२. आमची विक्री वर्षाला दोन लाखसुद्धा नाही. जीएसटी नोंदणी लागते का?

लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर लागते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सूट आहे, जाहिराती किंवा प्रशिक्षणासारख्या सेवाही विकत असाल तर मर्यादा २० लाख. पण ही सूट राज्यातल्या राज्यात. पुण्याहून पणजीला किंवा बेळगावला एक टी-शर्ट विकत पाठवला की ती आंतरराज्य विक्री, आणि करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे. छोट्या संस्था नेमक्या इथे अडकतात, कारण वाचक राज्याच्या सीमेत राहत नाहीत.

तेव्हा एक तर नोंदणी करा, नाही तर विक्री महाराष्ट्रातल्या पत्त्यांपुरती ठेवा आणि ऑर्डरच्या फॉर्ममध्ये तसा पिनकोड अडवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के कर आहे. टी-शर्टचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ६१०९. मग आणि पिशव्यांचे कोड वेगळे, एका बिलात सगळ्याला एकच दर लावू नका.

नोंदणी असेल तर आणखी एक: फुकट वाटलेल्या, हरवलेल्या, खराब झालेल्या नगांवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. म्हणून ‘भेट दिले’ असा वेगळा रकाना वहीत हवा (प्रश्न २२).

१३. पाकिटावर काय छापावं लागतं?

वेष्टनबंद मालावर वैधमापन नियमांप्रमाणे: वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. कपड्याला सायझ अक्षरात आणि सेंटिमीटरमध्येही. एका स्टिकरवर सगळं बसतं. फोन संस्थेचा द्या, स्वतःचा नको. रात्री अकराला ‘माझा मग कुठे पोचला’ असे फोन येतात.

१४. माल घरी ठेवला तर चालेल का? पावसाळ्यात काय करायचं?

चालेल, पण कुठे किती ठेवलाय याची सही केलेली यादी संस्थेकडे हवी. जून ते सप्टेंबर खोके जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका. विटांवर फळी टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. डीटीएफ छपाईचे नग एकावर एक रचले तर दमट उकाड्यात छपाई छपाईला चिकटते. मध्ये बटर पेपर घाला. डांबरगोळ्या नकोत, तो वास पाकीट फोडल्यावर आठवडाभर जात नाही. कडुलिंबाचा वाळवलेला पाला चालतो.

१५. पाठवायचं कसं? मग फुटून पोचतात.

सुट्या ऑर्डरींना स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या याद्यांत ‘रजिस्टर’ लिहिलं असेल ते बदला. एल सायझचा १८० जीएसएमचा टी-शर्ट साधारण १९० ग्रॅम भरतो. दोन टी-शर्ट पाकिटासह ५०० ग्रॅमच्या आत बसतात, तिसरा घातला की पुढचा टप्पा लागतो. दोनाचं आणि तिनाचं पोस्टेज वेगळं लावा.

खाजगी कुरियर वजनाऐवजी आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ३० बाय २० बाय १५ चा खोका आत एकच मग असला तरी १.८ किलो धरला जातो. म्हणून खोका मगच्या मापाचा. मग फुटतो तो कानापाशी: कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा कोंबा, मगच्या आतही कोंबा, मग बबल रॅपचे दोन फेरे. बंद खोका कानाशी हलवा. खुळखुळला तर पुन्हा उघडा.

१६. सायझ बदलून द्यायची का?

एकदा, पंधरा दिवसांत, न धुतलेला असेल तर. चुकीचा नग आपण पाठवला असेल तर दोन्हीकडचं पोस्ट आपलं. गिऱ्हाइकाचा अंदाज चुकला असेल तर परत पाठवण्याचा खर्च त्याचा. हे ऑर्डरच्या पानावर मराठीत, ठळक लिहा. ऑनलाइन विक्रीत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं, आणि तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव पानावर हवं.

१७. साहित्य संमेलनात किंवा पुस्तक प्रदर्शनात स्टॉल लावायचा आहे. काय काय न्यायचं?

प्रत्येक सायझचा एक ‘घालून बघायचा’ नग, त्याच्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलं. मोजपट्टी. सुटे पैसे, कारण १९९ किंमत ठेवलीत की एक रुपयासाठी रांग थांबते. स्टॉलवर दोनशेच ठेवा. क्यूआर कोडच्या दोन प्रती, बिलबुक, आणि निघताना-परतताना मोजलेल्या नगांचा कागद. पैसे आल्याचा आवाज देणारा डबा नसेल तर ‘केलं बघा’ म्हणून दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, खात्यात पाहा.

१८. आमच्या बातमीतला गाजलेला फोटो टी-शर्टवर टाकू का?

दोन परवानग्या लागतात, आणि दुसरी बहुतेकजण विसरतात. पहिली छायाचित्रकाराची. त्याने फोटो प्रसिद्धीसाठी दिला होता, मालावर छापायला नाही. मुक्त छायाचित्रकार असेल तर वेगळा लेखी करार करा. व्यंगचित्रांनाही हेच लागू. व्यंगचित्रकार गेल्यानंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात.

दुसरी परवानगी फोटोतल्या माणसाची. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या विधवेने बातमीसाठी चेहरा दिला, चहाच्या मगसाठी नाही. ती ‘हो’ म्हणाली तरी आमचं मत: नको. बातमीतला माणूस मालावर येऊ नये. अक्षरं घ्या, संस्थेचं चिन्ह घ्या, वस्तूचं रेखाचित्र घ्या.

१९. शिवाजी महाराजांचं चित्र, तिरंगा किंवा अशोकस्तंभ छापला तर?

तिन्ही सोडा. १९५० च्या चिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची नावं आणि चित्रं आहेत. व्यापारासाठी ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. दिनदर्शिकेला मर्यादित सूट आहे, टी-शर्टला नाही. बाजारात सर्रास विकतात हे खरं, पण बातम्यांतून कायद्याची भाषा करणाऱ्या संस्थेने ते कारण देऊ नये. राष्ट्रध्वज वस्त्रावर छापायला १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्याने मनाई आहे, आणि राजमुद्रेला २००५ चा वेगळा कायदा आहे.

२०. पाठीवर मोठ्या अक्षरात ‘प्रेस’ लिहिलेला टी-शर्ट खूप खपेल. का नको?

खपेल म्हणूनच नको. तो घालून कोणीही मोर्च्यात, अपघाताच्या जागी, पोलिसांच्या कड्यात शिरेल, आणि खाली नाव तुमचं असेल. गाडीवरचे ‘पत्रकार’ स्टिकर, गळ्यातल्या पट्ट्या, ओळखपत्रासारखे दिसणारे कार्ड यांनाही हेच लागू. वार्ताहरांना कामासाठी जॅकेट लागत असेल तर ते संपादक विभाग देईल, क्रमांक टाकून, सही घेऊन. तो विक्रीचा माल नाही.

२१. एका स्थानिक नेत्याला दोनशे टी-शर्ट हवेत. पैसे आगाऊ देतोय.

तुम्ही उत्तर देऊ नका, संपादक आणि विश्वस्तांकडे पाठवा. एका नावावर दहाच्या वर नग द्यायचे नाहीत हा नियम आधीच लिहिलेला असेल तर नकार देणं सोपं जातं. त्याच्या सभेत दोनशे माणसं तुमचं चिन्ह घालून बसलेला फोटो एकदा निघाला की पुढच्या निवडणुकीच्या बातमीवर कोण विश्वास ठेवेल? प्रायोजकाचा लोगो बाहीवर टाकायची मागणीही त्याच खात्यात जाते.

२२. वार्ताहर बातमीतल्या लोकांना भेट म्हणून मग मागतात. द्यावा का?

नाही. स्रोताला भेट देऊ नये हा बातमीचा नियम मग शंभर रुपयांचा असला तरी लागू आहे. व्याख्याते, स्वयंसेवक, छापखान्यातला माणूस यांना द्या. कोणाला, का, कधी हे ‘भेट दिले’ रकान्यात लिहा.

२३. दुबईतल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हवं आहे. पाठवू का?

इथे सावकाश चला. विदेशी अंशदान कायद्यात वर्तमानपत्राचे मालक-संपादक-प्रकाशक आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे. नेहमीच्या व्यवहारात विकलेल्या मालाची किंमत ही देणगी मानली जात नाही. पण पाचशेचा टी-शर्ट कोणी ‘प्रेमाने’ शंभर डॉलरला घेतला, तर वरचे पैसे देणगीच दिसतात. तेव्हा परदेशी ऑर्डरीच्या पानावर ‘जास्त रक्कम द्या’ हा पर्यायच ठेवू नका. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ते वेगळं. ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) मात्र परदेशी नागरिक धरला जातो, आडनाव कुलकर्णी असलं तरी.

माल बाहेर विकत पाठवायचा तर निर्यातीचा आयईसी क्रमांक लागतो. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं कागदपत्रांना मदत करतात. विकलेल्या पार्सलवर ‘भेट’ लिहू नका, ती खोटी घोषणा ठरते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी बंद केली, त्यामुळे तिकडे टी-शर्टवर शुल्क बसतं. सगळ्यात सोपी वाट: भारतातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवा, मे महिन्यात किंवा दिवाळीत येणारे घेऊन जातील.

२४. कोणीतरी आमच्या नावाचे नकली टी-शर्ट विकतंय.

ट्रेडमार्क कुठल्या वर्गात आहे ते पाहा. वृत्तसेवा म्हणून वर्ग ४१ मध्ये नोंदवलेलं चिन्ह कपड्यांवर आपोआप चालत नाही: कपडे वर्ग २५, मग २१, पिशव्या १८, वह्या १६. प्रत्येक वर्गाला न्यासासारख्या अर्जदाराचं ऑनलाइन शुल्क ९,००० रुपये. छोट्या संस्थेने निदान २५ घ्यावा. तोवर विकणाऱ्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार आणि वाचकांसाठी एक ओळ: आमचा माल फक्त अमुक पानावर मिळतो.

२५. गिऱ्हाइकांचे पत्ते माझ्या फोनमध्ये आहेत. ठीक आहे का?

नाही. अडचणीची बातमी छापणाऱ्या संस्थेच्या पाठीराख्यांची यादी नको त्या हाती जाणं, हा मग फुटण्यापेक्षा फार मोठा तोटा. पत्ते संस्थेच्या एकाच शीटमध्ये, दोघांनाच उघडेल अशा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्त्याचा फोटो टाकायचा नाही. बदलीची मुदत संपली की तुमच्याकडची प्रत पुसा. बिलांवरचे पत्ते हिशेबनीसाकडे कायद्याने ठरवलेली दहा वर्षं राहतात, ते त्यांचं काम.

२६. महिनाअखेरीला मोजणी जुळत नाही. आता?

फरक तसाच लिहा. आधी तीन जागा तपासा: बदलीत परत आलेले नग (प्रश्न १६) पुन्हा जमा दाखवले का, स्टॉलचा ‘घालून बघायचा’ नग मोजला का, आणि भेटीचा रकाना भरला का. बहुतेक फरक या तिघांत सापडतो. तरीही तीन एल कमीच असतील तर ‘तूट ३’ लिहून दोघांनी सही करा. खिशातून पैसे भरून आकडा जुळवू नका. तूट दर महिन्याला त्याच सायझमध्ये येत असेल तर छापखाना गठ्ठ्यात कमी भरतोय. पुढच्या वेळी आल्या आल्या गठ्ठे सोडून मोजा आणि चलनावर मोजलेला आकडा लिहून सही द्या.

२७. संस्थेने लोगो बदलला. जुने ऐंशी मग उरलेत.

निम्म्या किमतीत ‘जुनं चिन्ह’ असं स्पष्ट लिहून महिनाभर विका. उरलेले कार्यालयात चहाला वापरा आणि वहीतून तसे कमी करा. टी-शर्ट असतील तर अनाथाश्रमाला देण्याआधी विचार करा: तिथल्या मुलांनी संस्थेची जाहिरात अंगावर घ्यावी का? चिन्हावर कापडी ठिगळ शिवून देणारे शिंपी पाच-दहा रुपयांत मिळतात. ठिगळासाठी पिशव्यांच्या कापडाच्या उरलेल्या कातरणी चालतात, फक्त रंग न सुटणाऱ्या निवडा.